तांब्यातलं उरलेलं पाणी

मेहकरच्या बसस्थानकावर चिखलीची गाडी लागली, तेव्हा सुचितानं खिडकीची जागा कुंडीला दिली आणि स्वतः कडेला बसली. एक हात कुंडीभोवती, दुसरा पर्सवर. पर्समध्ये मेहकरच्या फुलांच्या प्रदर्शनातली परीक्षकांची चिठ्ठी होती. ती चिठ्ठी फाडून टाकावी असं तिला दोनदा वाटलं होतं, पण नोंद ही नोंद असते, म्हणून तिनं ती नीट घडी करून ठेवली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं – फूल नसल्याने मूल्यमापन करता आले नाही.

गाडी भरत गेली. दरवाजातून एक उंच मुलगा आत आला. छातीशी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड, कपाळावर घाम. त्यानं सगळ्या बाकांवरून नजर फिरवली आणि ती येऊन थांबली कुंडीवर.

"या आल्याचं तिकीट काढलं का?" त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं.

"आलं नाही ते," सुचिता म्हणाली. "ऑर्किड आहे."

"मंग ऑर्किडचं काढलं का?"

मागच्या बाकावरच्या बाई हसल्या. सुचितानं कुंडी मांडीवर घेतली, खिडकीशी सरकली आणि बाहेर बघू लागली. तो शेजारी बसला, गोणपाट त्याच्याही मांडीवर. गाडी सुटली. दोघंही आपापलं ओझं सांभाळत खड्ड्यांवरून उडत राहिले, आणि दहा मिनिटांनी त्याला राहवलं नाही. हे कुठलं झाड, असं त्यानं विचारलं – या वेळी चेष्टेनं नाही.

सुचिता चिखलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवायची. कुणी खरोखर विचारलं की तिला सांगितल्याशिवाय चैन पडत नसे. डेंड्रोबियम किंगियानम, तिनं सांगितलं. पूर्व ऑस्ट्रेलियातलं रानटी ऑर्किड. तिकडे डोंगरातल्या उघड्या खडकांवर वाढतं, भेगेत साठलेल्या पाचोळ्यावर जगतं. हिवाळा संपता संपता गुलाबी-जांभळ्या फुलांचे तुरे येतात. फूल नखाएवढं, पण उन्हात मंद वास येतो म्हणे.

"म्हणे?"

"तीन वर्षांत आलंच नाही," ती म्हणाली. एम.एस्सी. संपताना तिच्या मॅडमनी तिला हे रोप दिलं होतं. दरवर्षी पानं येत, कांड्या येत, कांड्यांच्या टोकाला लहान लहान पिल्लं, म्हणजे नवी रोपं, फुटत. फूल मात्र नाही.

त्यानं कांड्या निरखल्या. मग विचारलं, "ताण देता का?"

तिनं चमकून बघितलं. संत्र्याच्या बागेला बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडतात, झाडं पार सुकवतात आणि मग पुन्हा पाणी सोडतात. तो ताण तिला ऐकून माहीत होता. पण पुस्तकातला 'हिवाळी कोरडा विश्राम' आणि बागवानाचा ताण एकच, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. देते, ती जरा तोऱ्यातच म्हणाली. वही ठेवली आहे. नोव्हेंबर ते जानेवारी, पंधरा दिवसांतून एकदा शिंपडणं. आज शेवटच्या पाण्याला बारावा दिवस.

त्यानं काही न विचारता कुंडीत बोट खुपसलं. बोट बाहेर काढून तिच्यासमोर धरलं. बोटावर ओल होती.

"बारा दिवस?"

"माझी वही खोटं बोलत नाही," सुचिता म्हणाली. तिचे कान तापले होते.

"वहीले नका इचारू. मातीले इचारा."

"माती नाही ती. कोळसा आणि विटांचे तुकडे."

"मंग कोळशाले इचारा," तो म्हणाला, आणि असा हसला की तिला खिडकीबाहेर बघणं भाग पडलं.

चिखली येईपर्यंत तिला त्याचं नाव कळलं होतं, हर्षल. डोणगावचा. वडिलांचे गुडघे गेल्यापासून चार एकर संत्रा तोच बघत होता. गोणपाटात विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर होता. "बिघडला," एवढंच तो म्हणाला आणि विषय बदलला. उतरताना त्यानं सांगितलं, रोज वजन करा कुंडीचं, पाणी लपत असंल तं वजनात सापडंल. तपासायला म्हणून तिनं त्याचा नंबर घेतला. तपासायलाच, असं तिनं स्वतःला आपल्या गावच्या, उंद्रीच्या गाडीत बसेपर्यंत तीनदा सांगितलं.

घरी पोचल्यावर मात्र तिनं हसणं बाजूला ठेवलं. तिला वेळ फार कमी होता. विहिरीजवळच्या पाच गुंठ्यांवर तिला हिरवी जाळी टाकून ही खडकावरची ऑर्किडं वाढवायची होती. इथला हिवाळा थंड आणि कोरडा, या झाडाला हवा तसा. ते तिनं तापमानाच्या नोंदींवरून काढलं होतं. पण तिच्या वडिलांना, उत्तमरावांना, नोंदी नको होत्या. तिथे सध्या चारा होता आणि चाऱ्याचा उपयोग कळत होता. गोपालनं, तिच्या भावानं, पुण्यातल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. हजर व्हायची तारीख एक मार्च. उत्तमरावांनी सरळ हिशेब मांडला होता – एक मार्चच्या आत एक फूल दाखव, पाच गुंठे तुझे. नाहीतर पुण्याला जा.

सुचितानं कॉलेजच्या प्रयोगशाळेतला जुना काटा मागून आणला. संध्याकाळी कुंडी नऊशे बारा ग्रॅम. पहाटे नऊशे पाच. बरोबर, सुकते आहे. पावणेसातची गाडी धरून ती कॉलेजला गेली. संध्याकाळी परतून पुन्हा वजन केलं, तर नऊशे अठ्ठेचाळीस.

तिनं काट्यावरून कुंडी उचलली, पुन्हा ठेवली. नऊशे अठ्ठेचाळीस. पाणी न घातलेली कुंडी वाढत नाही. तिनं हर्षलला फोन लावला आणि नमस्कारही न करता आकडे सांगून विचारलं, दव असेल का?

"त्रेचाळीस ग्रॅम दव?" तो म्हणाला. "तुमच्या उंद्रीत एवढं दव पडत असंल तं मी बाग तिकडंच आनतो."

दुसऱ्या दिवशी तिनं पहिली गाडी सोडली. आंघोळ करून, चप्पल घालून, निघाल्याचं नाटक करून ती मागच्या दारानं परत आली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभी राहिली. सात वाजले. आई अंगणात आली. कौशल्याबाईंनी तुळशीला पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, प्रदक्षिणा घातल्या. मग तांब्यात खाली उरलेलं पाणी फेकायचं कसं, म्हणून शेजारच्या कुंडीकडे वळल्या, आणि डोक्यावरून हात फिरवावा तशा मायेनं तांब्या ऑर्किडवर रिकामा केला.

तीन वर्षं. रोज. सुचिता खिडकीआड खाली बसली आणि तोंडावर ओढणी धरून हसत सुटली. हसता हसता तिला रडूही आलं. वही खोटं बोलत नव्हती. वहीत आईचा रकानाच नव्हता.

आईला समजावणं हे वजनापेक्षा अवघड निघालं. तहानेल्या जिवासमोरून भरला तांब्या घेऊन जायचं, हे कौशल्याबाईंना पटेना. शेजारी तुळस पिणार आणि हे बिचारं बघत राहणार? सुचितानं ऑस्ट्रेलियाचा हिवाळा सांगितला, खडक सांगितले. काही उपयोग झाला नाही. शेवटी तिनं संत्र्याची बाग सांगितली. कौशल्याबाईंचं माहेर संत्र्याचं. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"असं म्हण ना मंग," त्या म्हणाल्या. "ताणावर हाये ते."

तेव्हापासून उरलेलं पाणी जास्वंदीला जाऊ लागलं. प्रदक्षिणेत ऑर्किड समोर आलं की मात्र कौशल्याबाई डोळे मिटून घेत.

डिसेंबर सुरू झाला. रोज संध्याकाळी सहा वाजता फोन वाजायचा.

"आज किती?"

"आठशे सत्तर. तुमच्याकडे?"

"पानं माना टाकून राह्यले."

एवढंच. मग हळूहळू एवढंच राहिलं नाही. कधी तो विचारायचा, ऑस्ट्रेलियात या झाडाला कोण पाणी घालतं. कुणी नाही, ती सांगायची. मग ते फुलतं कुणासाठी, तो विचारायचा. लहान रानमाश्यांसाठी, ती सांगायची, आणि फोन ठेवल्यावर आपण काही चुकीचं बोललो का, असं तिला वाटायचं. एकदा सात वाजून गेले तरी फोन आला नाही. सुचितानं कुंडीचं वजन चार वेळा केलं. पाचव्यांदा करताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला वजन नको आहे... फोन हवा आहे. साडेसातला तो आला. गावात वीज नव्हती म्हणे, मोबाइल उतरला होता.

"काळजी वाटली का?" त्यानं विचारलं.

"काऊन वाटंल मले?" ती म्हणाली, आणि जीभ चावली. तीन आठवडे ती त्याच्याशी शिकवायच्या भाषेत बोलत होती.

"हे बेस झालं," तो हळूच म्हणाला. "आता उंद्रीची वाटता."

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी ती डोणगावला गेली. ताणावरची बाग डोळ्यांनी पाहायची होती, ते कारण खरंही होतं. पण बाग पाहून तिचा जीव कळवळला. झाडं धुळकट, पानं मिटलेली, पायाखाली गळून पडलेल्या पानांचा चुरा. हर्षल एका झाडापाशी थांबला, एका पानावरची धूळ अंगठ्यानं पुसली, पुन्हा चालू लागला. विहिरीजवळच्या खांबावर स्टार्टरची पेटी उघडी आणि रिकामी होती.

दुरुस्तीला एवढे दिवस लागतात का, तिनं विचारलं.

तो मान खाली घालून हसला. "बिघडला नव्हताच तो."

बाग त्याच्याकडे आली त्या पहिल्या वर्षी, त्यानं सांगितलं, ताणाचा चाळिसावा दिवस होता. झाडांकडे बघवेना. दहा दिवस धीर धरायचा होता, पण त्यानं बटण दाबलं. आठ दिवसांत बाग हिरवीगार. सगळ्या गावानं वाखाणली. आणि त्या वर्षी चार एकरांत टोपलीभर संत्री निघाली नाहीत. नुसता पाला. तेव्हापासून ताण सुरू झाला की तो स्टार्टर काढतो आणि चिखलीला मावशीकडे नेऊन ठेवतो. इथे राहिला तर हात जाईल, याची त्याला खात्री आहे.

सुचिता त्याच्याकडे बघत राहिली. आपण वह्या ठेवतो, काटे आणतो. आणि हा माणूस स्वतःला इतका नीट ओळखतो की आपला हातच गावाबाहेर नेऊन ठेवतो. तिला त्या धुळकट अंगठ्याला हात लावावासा वाटला. तिनं हात ओढणीत गुंडाळून घेतले.

"एक मार्चले काय होईल?" त्यानं विचारलं.

"फूल आलं तर राहीन."

"अन् नाई आलं तं?"

तिनं घड्याळ पाहिलं; परतीच्या गाडीची वेळ झाली होती. तो तिला थांब्यापर्यंत सोडायला आला. परतीच्या गाडीत खिडकीतून तिनं पाहिलं, तो हलला नव्हता. गाडी वळेपर्यंत हलला नव्हता.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तो स्टार्टर न्यायला चिखलीला आला. बसस्थानकासमोर त्यांनी उभ्या उभ्या चहा घेतला, पायाशी गोणपाट. सुचिताजवळ बातमी होती. चार कांड्यांच्या टोकांना हिरवे ठिपके आले होते, मोहरीएवढे. त्याचे डोळे चमकले. थांबा, ती म्हणाली. ठिपका फुलाचा असेल किंवा पिल्लाचा. इतक्यात कळत नाही. आता पाणी मिळालं तर हमखास पिल्लू होणार.

"मंग?"

"मंग वाट पाहाची. भिंगानं."

बागेचा ताण तुटला, पाणी खळाळत गेलं. ऑर्किड मात्र कोरडंच राहिलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पहिला ठिपका फुटला, आणि त्यातून दोन चपटी पानं निघाली. पिल्लू. चार दिवसांनी दुसरा, पिल्लू. मग तिसराही. आईच्या तीन वर्षांच्या मायेचा साठा त्या कांड्यांत अजून होता बहुतेक. चौथा ठिपका तसाच मिटलेला राहिला, टोकदार, काही न सांगणारा. गोपालचे पुण्याहून फोन वाढले. कंपनीला अठरा तारखेपर्यंत होकार हवा होता.

सतराच्या सकाळी सुचितानं भिंग लावलं. ठिपका मिटलेला. ती उकिडवी बसून राहिली, आणि बसल्या बसल्या तिला एक गोष्ट स्वच्छ कळली. हे झाड यंदा फुललं नाही, तर पुढच्या वर्षी फुलेल. चूक सापडली आहे. तीन वर्षं तिला कारण माहीत नव्हतं, आता आहे. कारण सापडल्यावर प्रयोग सोडून जातो तो कसला शास्त्रज्ञ. आणि दुसरी गोष्ट, जी कुठल्या वहीत नव्हती, ती तर फुलावर अवलंबूनच नव्हती.

ती उठून सरळ वडिलांसमोर गेली. उत्तमराव गोठ्यात होते.

"बाबा, मी पुण्याले नाही जात. फूल आलं तरी, नाही आलं तरी."

"बोलणं काय झालं होतं आपलं?"

"झालं होतं. ते मी मोडून राह्यली. पाच गुंठे नका देऊ. मी गच्चीवर वाढवीन."

उत्तमरावांनी चाऱ्याची पेंढी उचलली. मग चारा टाकता टाकता म्हणाले, की गच्ची उन्हाळ्यात तापते, जाळी लागेल. एवढंच. सुचितानं तिथेच उभ्या उभ्या कंपनीला नकार कळवला, गोपालला दोन ओळी लिहिल्या, आणि कपडे बदलून बसस्थानकाकडे निघाली.

डोणगावला उतरली तेव्हा वास आधी आला. बागेच्या अर्धा फर्लांग अलीकडेच. संत्र्याच्या फुलांचा गोड, जड वास, आणि मग मधमाश्यांचा गुणगुणाट. महिन्यापूर्वी जिथे तिचा जीव कळवळला होता, तिथे झाडं पांढरी झाली होती. हर्षल दोन ओळींमधून येताना दिसला. तिला बघून थबकला. केसांत दोन पाकळ्या.

"फूल आलं?" त्यानं विचारलं.

"नाही."

त्याचा चेहरा उतरला. तो लपवायला तो खाली वाकला आणि पाण्याच्या नळीशी उगाच खुडबुड करू लागला. "पुण्यात... थंडी राह्यते ना? कुंडी नेता येईल. वजन फोनवर सांगत जा."

"हर्षल."

तो वाकलेलाच.

"मी नाही म्हणून कळवलं. सकाळीच."

आता तो उभा राहिला. "पन फूल तं..."

"फुलासाठी नाही थांबत मी," सुचिता म्हणाली. "झाडासाठी थांबून राह्यली. अन् सहा वाजताच्या फोनसाठी. तो येत नाही त्या दिवशी मी कुंडी पाच वेळा मोजते. हे तपासून पाह्यलं मी... दुसरं कारण सापडत नाही."

मधमाश्या गुणगुणत राहिल्या. हर्षलनं हात पँटला पुसले, पुन्हा पुसले.

"मी बोललो नाई," तो म्हणाला, "कारण बोललो असतो तं तू माह्यासाठी राह्यली असती. मंग कधी एखाद्या दिवशी वाटलं असतं तुले, की याच्यानं अडकली." तो थांबला. "स्टार्टर तं मावशीकडं ठेवता येते. तोंड कुठं ठेवाव?"

तो तिला पहिल्यांदा तू म्हणाला होता. सुचितानं हात पुढे केला, त्याच्या केसांतली एक पाकळी काढली. दुसरी तशीच ठेवली.

चौथा ठिपका फुटला तो चोवीस तारखेला. भिंगाखाली पानं नव्हती. एका देठावर हिरवट मण्यांची ओळ होती. सुचितानं सात मोजले. उत्तमराव म्हणाले, कळी म्हणजे फूल नव्हे, आणि एक मार्च उलटला तेव्हा त्यांनी ते पुन्हा ऐकवलं. पण रोज सकाळी गोठ्यात जाण्याआधी ते कुंडीपाशी वाकून कळ्या मोजत. पाच मार्चला त्यांनी विहिरीजवळचा चारा कापून घेतला आणि तिथे नवा पेरला नाही. त्याविषयी ते कुणाशी बोलले नाहीत.

कळ्या दिसल्यापासून सुचिता मोजून पाणी देत होती, पण आईचा तांब्या अजून बंद होता. तो उघडला दहा मार्चला.

त्या सकाळी हर्षल डोणगावहून पहिल्या गाडीनं निघून आला होता, आईवडिलांना पुढच्या रविवारी घेऊन येऊ का, असं उत्तमरावांना विचारायला. ते विचारून झालं होतं आणि उत्तमराव 'या' म्हणाले होते. तो अंगणात अवघडून उभा होता. ऊन कुंडीवर आलं. देठावरचं सगळ्यात खालचं फूल उघडलं होतं. नखाएवढं, गुलाबी, खालच्या ओठासारख्या पाकळीवर जांभळे ठिपके. चौघांनी वाकून वास घेतला. मंद होता, मधासारखा. म्हणे नाही, खरोखर होता.

"एवढंसं?" उत्तमराव म्हणाले. पण ते सरळ उभे राहायला विसरले.

कौशल्याबाई तुळशीपाशी होत्या. पाणी घालून झालं होतं, तांब्या हातात तसाच.

"आई," सुचिता म्हणाली. "आज घाल."

कौशल्याबाईंनी एकदा मुलीकडे बघितलं, मग तांब्या वाकडा केला. कोळशातून, विटांच्या तुकड्यांतून पाणी चुरचुरत खाली गेलं. शंभरावर दिवस डोळे मिटून घातलेल्या प्रदक्षिणा संपल्या. त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि हर्षलकडे वळल्या.

"जेवून जा हो पोरा. का तुलेही कोरडंच ठेवलं हिनं?"

"नाई मावशी," हर्षल म्हणाला. कान लाल. "मले सहा वाजता मिळते रोज."

सुचितानं वही उघडली. तारीख लिहिली, वजन लिहिलं. मग पट्टी घेऊन एक नवा रकाना आखला, आणि त्यात लिहिलं – पाणी, अर्धा तांब्या. दिलं, आईनं. पेन थांबलं. मग तिनं खाली आणखी एक ओळ आखली, हर्षलकडे न बघता, आणि स्पष्ट अक्षरात लिहिलं – हजर, हर्षल. इथून पुढे रोज.